मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यानं आपल्या कुत्र्याला फाडलं, तर भरपाई कोण देणार?

सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो सुधारला. तेव्हापासून कुत्रा हा विषय बातम्यांमधून हललेला नाही. त्या सगळ्या वादात एक प्रश्न बाजूला पडतो. भटका नव्हे, शेजाऱ्याचा पाळलेला कुत्रा मोकळा सुटला, तुमच्या हातातल्या कुत्र्यावर धावून गेला आणि त्याला फाडलं, तर पुढं काय? पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी सहाला जाणाऱ्यांना किंवा बाणेरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमधून कुत्रा फिरवणाऱ्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. उत्तर मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. मग एकजण "एफआयआर करतो" म्हणून ओरडतो, दुसरा "अहो, कुत्री आहेत, भांडणारच" म्हणतो, आणि दोघंही चुकीच्या दिशेला निघतात.

आधी एक शब्द ठरवून घेऊ. आपण 'पट्टा' म्हणतो तेव्हा कधी गळ्यातला पट्टा अभिप्रेत असतो, कधी हातात धरायची दोरी. या लेखात हातातल्या दोरीला 'लीश' म्हटलं आहे. गळ्यात पट्टा आहे पण लीश कुणाच्याच हातात नाही, असा कुत्रा मोकळाच धरायचा.

कायद्याच्या नजरेत कुत्रा कोण?

ऐकायला वाईट वाटेल, पण नुकसानभरपाईच्या हिशेबात कुत्रा म्हणजे मालकाची जंगम मालमत्ता. तुमची स्कूटर जशी तुमच्या मालकीची, तसाच तुमचा कुत्रा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं त्याला क्रौर्यापासून संरक्षण दिलं आहे, स्कूटरला ते नाही. पण जखमी कुत्रा स्वतःच्या नावानं भरपाई मागू शकत नाही. मागणार तुम्ही, तुमच्या नुकसानीची.

मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये ही गोष्ट अगदी सरळ सांगितली. दुचाकीची धडक बसून रस्त्यावरचा कुत्रा मेला होता आणि पोलिसांनी चालकावर माणसाचा जीव धोक्यात घातल्याची कलमं लावली होती. न्यायालय म्हणालं, पाळणारे कुत्र्यामांजरांना मुलासारखं वागवतात यात शंका नाही, पण ती माणसं नव्हेत, त्यामुळं माणसांसाठी असलेली कलमं इथं लागत नाहीत. गुन्हा रद्द झाला, वर सरकारला २०,००० रुपये खर्च भरायला सांगितलं. आपल्या प्रश्नाची निम्मी वाट या निकालातून जाते.

मग शेजारी जबाबदार कसा ठरतो?

कात्रजच्या उतारावर कुणी हँडब्रेक न लावता गाडी उभी केली. गाडी घरंगळली आणि खालच्या गाडीचं दार चेपलं. मालकाला दार चेपायचं नव्हतं, तो तर चहा पीत होता. तरी भरपाई तोच देणार, कारण उतारावर ब्रेक लावायचा असतो हे कुठल्याही समजदार माणसाला कळतं आणि त्यानं तो लावला नाही. कायद्यात याला 'हलगर्जीपणा' म्हणतात. तो शाबीत करायला चार दुवे जोडावे लागतात: समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, त्यानं ती घेतली नाही, त्यामुळंच इजा झाली, आणि त्या इजेला अमुक खर्च आला.

कुत्र्याच्या बाबतीत लीश म्हणजे हँडब्रेक. कुत्रा अनोळखी कुत्र्याच्या अंगावर जाऊ शकतो हे पाळणाऱ्याला कळायलाच हवं, आणि ते टाळायचा साधा, स्वस्त उपाय त्याच्या घरात खुंटीवर टांगलेला असतो. भारतात या विषयावर स्वतंत्र लिखित कायदा नाही. न्यायालयं निकालांतून घडत आलेल्या दिवाणी तत्त्वांवर निर्णय देतात. म्हणूनच घटनेच्या क्षणी लीश कुणाच्या हातात होती आणि कुणाच्या नव्हती, हा अशा खटल्यातला सगळ्यांत वजनदार पुरावा ठरतो.

लीशची लांबीही बघितली जाते. दीड-दोन मीटरच्या लीशवर कुत्रा तुमच्या ताब्यात असतो. बटण दाबून पाच मीटर सुटणाऱ्या गुंडाळीच्या लीशवर धावता कुत्रा आवरणं अवघड. अशी लीश पूर्ण सोडलेली असेल, तर "कुत्रा बांधलेला होता" हा बचाव पोकळ ठरतो.

पोलिसांकडं गेलं तर?

बहुतेकांची निराशा इथंच होते, म्हणून जरा सविस्तर.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिचं कलम २९१ प्राण्याबाबतच्या हलगर्जीपणाचं आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते कलम नीट वाचलं तर दिसतं की धोका माणसाच्या जिवाला किंवा माणसाला जबर दुखापत होण्याचा हवा. फक्त कुत्र्याला इजा झाली असेल तर ते आपोआप लागत नाही. मुंबईत २०१० साली एकाच्या रॉटवायलरनं नातेवाइकाला चावलं आणि २०२३ च्या सुरुवातीला गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली. ती बातमी बऱ्याच जणांना आठवते. तिथं चावा माणसाला बसला होता.

त्याच संहितेचं कलम ३२५ प्राण्याला मारण्या-लुळं करण्याबद्दल आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. ते ऐकून लोकांना धीर येतो. पण त्यासाठी मालकाचा हेतू किंवा नुकसान होणारच ही जाणीव शाबीत करावी लागते. कुणी मुद्दाम "छू" करून कुत्रा अंगावर घातला तर ते लागेल. निव्वळ निष्काळजीपणानं सुटला तर नाही.

नेमकं बसतं ते जुनं, विसरलेलं कलम: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १०६. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी प्राणी असा मोकळा सोडणं की त्यामुळं धोका, इजा, भीती किंवा त्रास होईल, हे त्यात मना आहे. क्रूर कुत्रा मुसक्याशिवाय मोकळा ठेवणं मना आहे, आणि माणसावर किंवा दुसऱ्या प्राण्यावर कुत्रा घालणंही. 'इजा' माणसालाच झाली पाहिजे अशी अट पहिल्या भागात नाही. शिक्षा फक्त दंडाची, म्हणून ठाण्यात बहुधा 'एनसी', म्हणजे अदखलपात्र तक्रार नोंदवली जाते. एनसीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तरीही ती नोंदवाच. तारीख, वेळ, ठिकाण आणि समोरच्याचं नाव असलेली सरकारी नोंद पुढं दिवाणी न्यायालयात फार उपयोगी पडते. तक्रारीत कलम १०६ चा उल्लेख करा, ठाण्यातल्या अंमलदारालाही ते चटकन आठवेलच असं नाही. सोसायटीच्या बंद आवारात 'सार्वजनिक जागा' कोणती यावर वाद होऊ शकतो. टेकडीवर किंवा रस्त्यावर तो होत नाही.

चित्र बदलतं ते लीशच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसामुळं. कुत्र्यांच्या झटापटीत तुमच्या हाताला चावा बसला, लीश पायात अडकून तुम्ही पडलात, मनगट मोडलं, तर न्याय संहितेचं कलम २९१ आणि निष्काळजीपणानं दुखापत केल्याचं कलम १२५ दोन्ही समोर येतात. जबर दुखापत असेल तर १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा वेळी तुमच्या इजेची वैद्यकीय नोंद त्याच दिवशी करून घ्या. पण झालं नाही ते लिहू नका. उलटतपासणीत एक वाढीव वाक्य सापडलं की बाकीचं खरंही खोटं वाटू लागतं.

"पण आमचा कुत्रा आजवर कुणालाच चावला नाही"

हे वाक्य हमखास येतं, आणि मनापासून येतं. त्याचा उपयोग होतो, पण थोडाच. ज्या कुत्र्याचा चावरेपणा मालकाला आधीपासून माहीत आहे, त्याच्या बाबतीत न्यायालयं मालकाला फार कडकपणे धरतात. कुत्रा मोकळा कसा सुटला, चूक कुणाची, हे बचाव मग दुबळे पडतात. माहीत नसेल तर कडक नियम लागत नाही, पण साध्या हलगर्जीपणाची जबाबदारी उरतेच. गाडी पूर्वी कधी घरंगळली नव्हती म्हणून हँडब्रेक लावायची गरज संपत नाही.

म्हणून पहिल्या घटनेचा कागद मोलाचा. इजा किरकोळ असली, पैसे मागायचे नसले, तरी शेजाऱ्याला दोन ओळींचा संदेश पाठवा: अमुक तारखेला तुमचा मोकळा कुत्रा आमच्या कुत्र्यावर धावून आला, कृपया लीश लावा. त्या संदेशानंतर "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही.

जखम छोटी, बिल मोठं

भरपाईचा आकडा ठरवताना लोक घाई करतात. आधी जखमेचा स्वभाव समजून घ्यायला हवा. कुत्र्याची कातडी सैल असते. मोठा कुत्रा दात रोवून झटका देतो तेव्हा कातडीला एखादंच भोक पडतं, पण आतला स्नायू कातडीपासून सुटतो आणि चिरडला जातो. त्या पोकळीत तोंडातले जंतू कोंडले जातात. वरून दोन ठिपके दिसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज, पू, ताप सुरू होतो. मग भूल देऊन जखम उघडणं, साफ करणं, कधी पू वाहून जायला नळी ठेवणं आलं. पॉमेरेनियन किंवा शिट्झूसारखा छोटा कुत्रा असेल तर फासळ्या आणि फुप्फुसासाठी एक्स-रे लागतो. टाके निघेपर्यंत साधारण १० ते १४ दिवस जातात.

म्हणून घटनेच्या जागी हातावर टेकवलेले हजार रुपये घेऊन "विषय संपला" असं लिहून देऊ नका. पैसे घ्यायचेच तर "उपचारांच्या खर्चापैकी आगाऊ" असं स्पष्ट लिहून घ्या.

मागायचं काय? पशुवैद्याची फी, औषधं, तपासण्या, शस्त्रक्रिया, दवाखान्यात नेण्या-आणण्याचा खर्च, कामाच्या बुडालेल्या दिवसांची मजुरी, आणि स्वतःला इजा असेल तर तिचा वेगळा हिशेब. मानसिक त्रासाची रक्कम मागता येते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये.

इथं समोरचा वकील एक खोचक मुद्दा काढू शकतो. स्कूटरची किंमत २०,००० आणि दुरुस्ती ६०,००० असेल, तर न्यायालय २०,००० च धरेल. मग गल्लीतून उचलून आणलेल्या देशी कुत्र्याची किंमत किती? शून्य! याला उत्तर आहे. स्कूटर भंगारात देता येते. जखमी कुत्रा तसाच टाकता येत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ पाळणाऱ्यावरच कर्तव्य घालतं की त्यानं प्राण्याच्या भल्यासाठी सर्व वाजवी उपाय करावेत आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत. जो खर्च करणं तुमचं कायदेशीर कर्तव्यच होतं, तो 'कुत्र्याच्या किमतीपेक्षा जास्त' म्हणून नाकारता येऊ नये. आमच्या मते हाच युक्तिवाद सगळ्यांत भक्कम आहे, आणि नोटिशीतच तो लिहावा. फक्त खर्च वाजवी हवा. तीन टाक्यांसाठी महिनाभर रोज ड्रेसिंगची बिलं लावली तर न्यायालय कात्री लावेल, आणि लावायलाच हवी.

पहिल्या तासात आणि पहिल्या आठवड्यात

कुत्री जुंपली असतील तर जबड्याजवळ हात घालू नका. माणसं जखमी होतात ती तिथंच. पाणी मारा, जाड चादर किंवा जॅकेट टाका. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागं ओढा. सुटल्यावर जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, हातमोजे घालून. हळद, राख, पावडर भरू नका, मग पशुवैद्याला जखमेची खोली कळत नाही. लसीकरण झालेलं असलं तरी चावा बसलेल्या कुत्र्याला रेबीजची वाढीव मात्रा लगेच द्यावी लागते. तुम्हाला ओरखडा जरी आला असेल तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुऊन सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. कातडीत द्यायच्या पद्धतीत ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. चावणाऱ्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं असतं, म्हणून त्याच्या मालकाचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि रेबीज लसीचा दाखला तिथल्या तिथं मागा.

पशुवैद्याला सांगून केसपेपरवर जखमांची जागा, संख्या, खोली आणि 'दुसऱ्या कुत्र्याचा चावा' असं लिहून घ्या. नुसत्या "ड्रेसिंग केलं" या नोंदीचा न्यायालयात उपयोग नाही. टाक्यांआधी आणि नंतर फोटो काढा. बिलं कुत्र्याच्या नव्हे, तुमच्या नावानं हवीत.

सीसीटीव्हीत सगळ्यांत जास्त घोळ होतो. जागा भरली की यंत्र जुन्यावर नवं चित्रण करतं, कधी आठवड्यात, कधी महिन्यात. सोसायटीच्या सचिवांना त्याच दिवशी ईमेलनं कळवा की अमुक कॅमेऱ्याचं अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. न्यायालयात ते दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र सांभाळणाऱ्यानं आणि दुसरा तज्ज्ञानं भरायचा. मोबाइलवरून स्क्रीनचा काढलेला व्हिडिओ समेटासाठी चालेल, खटल्यासाठी तो कच्चा दुवा आहे.

पैसे वसूल कसे करायचे?

टाके निघाले, बिलांची बेरीज झाली, की लेखी मागणी करा. त्यात घटना, खर्चाचा तक्ता, कागदांच्या प्रती आणि १५ दिवसांची मुदत द्या. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळं पत्र स्पीड पोस्टानं पाठवून पोचल्याचा पुरावा ठेवा.

उत्तर आलं नाही तर थेट खटल्यापूर्वी शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा. ते लोकअदालतीपुढं ठेवता येतं. तिथं दोघांच्या संमतीनं झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. वीस-तीस हजारांच्या वादासाठी हीच वाट शहाणपणाची आहे. शेजारी आला नाही किंवा मान्य झाला नाही, तर मात्र लोकअदालत काही लादू शकत नाही.

मग उरतो दिवाणी दावा. जंगम मालमत्तेच्या नुकसानीसाठी मुदत घटनेपासून तीन वर्षं. दावा घटना घडली तिथं किंवा समोरचा राहतो तिथं लावता येतो. म्हणजे टेकडीवर घडलं आणि समोरचा नाशिकला राहत असला, तरी पुण्यात चालतं.

आणखी काही शंका

*दोन्ही कुत्री मोकळी होती तर?* नो एंट्रीतून आलेल्या दोन दुचाक्यांची धडक समजा. चूक वाटून धरली जाते आणि तुमच्या वाट्याइतकी भरपाई कमी होते. तुमचा लीशवर असेल आणि नुसता भुंकला असेल, तर त्याला 'चिथावणी' म्हणणं टिकत नाही.

*कुत्रा फिरवायला ठेवलेल्या मुलाच्या हातून सुटला तर?* पगारी माणसाच्या कामातल्या चुकीला मालक जबाबदार असतो. दोघांनाही नोटीस पाठवा.

*हल्ला करणाऱ्या कुत्र्याला काठी मारली तर मीच अडकेन का?* मोठं नुकसान टाळायला, वाईट हेतूशिवाय, तेवढ्यापुरतं केलेलं कृत्य न्याय संहितेच्या कलम १९ खाली गुन्हा ठरत नाही. कुत्री सुटल्यावर रागानं मारलेला पुढचा फटका मात्र गुन्हा ठरू शकतो.

*सोसायटी त्या कुत्र्यावर बंदी घालेल का?* नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. त्याच सूचना सामाईक जागेत लीश लावायला सांगतात. सोसायटीकडून बंदी नव्हे, लीशचा ठराव आणि सीसीटीव्ही मागा.

*लीश लावणं हीच क्रूरता नाही का?* कायदा छोट्या साखळीला तासन् तास बांधून ठेवण्याला आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देण्याला क्रूरता म्हणतो. फिरतानाच्या लीशला नाही. कुत्र्याला धावायला हवं हे खरंच आहे. त्यासाठी कुंपणाची जागा शोधा, नाहीतर मोकळ्या जागी दहा-पंधरा मीटरची प्रशिक्षणाची दोरी लावा, तीही माणसं-कुत्री नसताना.

*चावणारा भटका असेल तर?* तिथं मालक नाही, त्यामुळं वरचं बहुतेक लागू होत नाही. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये ठरवले, पण ते माणसांसाठी आणि त्या न्यायालयाच्या हद्दीत. पुण्यात महापालिकेकडं लेखी तक्रार करून निर्बीजीकरण-लसीकरणाची मागणी करा.

आणि चावणारा कुत्रा तुमचा असेल तर

जागेवरून निघून जाऊ नका. नाव, फोन आणि लसीचा दाखला द्या, पशुवैद्याकडं सोबत जा. महापालिकेचा श्वान परवाना आणि रेबीजची लस चालू असेल तर तुम्ही जबाबदार पालक आहात हे दाखवता येतं. नसेल तर तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो. श्वानविमा असेल तर 'तृतीय पक्ष दायित्व' हा भाग पाहा. तो बऱ्याचदा मूळ विम्यात नसतो, जादा हप्ता भरून घ्यावा लागतो. त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान धरलं आहे का आणि मालमत्तेत प्राणी येतो का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. कंपनीला कळवण्याआधी "सगळा खर्च मी देतो" असं लिहून दिलंत तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून आधी कंपनीला फोन, मग कबुलीचा कागद. जखमी कुत्र्याचे उपचार मात्र त्या फोनसाठी थांबवू नका.